कंबर चौतीसच ठेवा, मास्तर!

"मास्तर, कंबर चौतीसच ठेवा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ते माझ्या कानात वाजायला लागतं. टेप लावावी तर बेंबीपाशी एकोणचाळीस, चाळीस. मग भाऊ श्वास आत ओढतात, पट्टा पोटाखाली सरकवतात आणि मलाच समजावतात, "अहो, मी पँट इथं घालतो, खाली." खाली घातल्यावर चौतीस बसते, हे खोटं नाही. पोट तेवढं पट्ट्यावरून पुढे येऊन बाहेर राहतं. टेरिकॉटचा जमाना होता तेव्हापासून मी धरणगावात पँटी शिवतोय. माझं मत विचाराल तर आपल्या भागात मधुमेह रक्तात सापडायच्या कितीतरी आधी शिंप्याच्या मापाच्या वहीत सापडतो. ती वही कोणी मागत नाही, एवढंच.

माझी पोरगी जळगावला एका लॅबमध्ये कामाला आहे. तिला मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "आप्पा, डॉक्टरही तेच मोजतात. फक्त तुमच्यापेक्षा वर मोजतात." बरगडीचं सगळ्यात खालचं हाड आणि खुब्याच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोब्बर मधे. श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. माझ्या टेपेवर सांगायचं तर साडेपस्तीस इंच आणि साडेएकतीस इंच. युरोपातल्या पुरुषांसाठी हीच रेघ ९४ सेंटिमीटरवर आहे. त्यांना चार सेंटिमीटरची सवलत आणि आपल्याला नाही, हे ऐकून मला आधी राग आला. कारण कळलं तेव्हा मात्र माझ्याच दुकानातली कितीतरी शरीरं डोळ्यांपुढे आली.

शिवायला सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे लठ्ठ माणूस, असा लोकांचा समज. लठ्ठ माणूस सोपा असतो हो, त्याचं सगळंच अंग एका प्रमाणात वाढलेलं असतं. अवघड असतो तो खांद्याला बारीक, दंडाला बारीक, मांडीला बारीक आणि मधेच पोट असलेला माणूस. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब कापावा लागतो, नाहीतर शर्ट पुढून उचलला जातो. वजनकाट्यावर उभा केला तर साठ-बासष्ट किलो. घरचे म्हणतात, "आमचा नाना कुठे जाड आहे?" आणि पन्नाशीच्या आत नानाची शुगर अडीचशे निघते.

या नानाचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. दोघांचं वजन उंचीच्या हिशेबात तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा. याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. आपलं बाळ सगळीकडून लहान, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कमी काय, तर स्नायू. म्हणजे नानाचं माप आईच्या पोटातच बेतलं गेलेलं. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा असंही दिसलं की गरोदरपणी ज्यांच्या आईला बी-१२ कमी होतं आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्या मुलांच्या अंगात इन्सुलिनला दाद न देण्याची खोड लवकर दिसते. घरातली सून सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि दूध पोरांपुरतंच उरतं, तिथे हा हिशेब कुठून सुरू होतो ते सांगायला डॉक्टर नको.

आता मांडीबद्दल. पूर्वी पँटीची मांडी मी ज्या मापाने कापायचो, त्या मापाने आज कापली तर झोळ पडतो. फॅशन बदलली हे एक, पण मांड्याही खरंच उतरल्या आहेत. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात आणि अंगातले सगळ्यात मोठे स्नायू मांडीचे आणि बुडाचे. ते आटले आणि पोटात, यकृतात चरबी साचली, की तेवढीच साखर हटवायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करावं लागतं. आम्ही पँटीच्या मागच्या शिवणीत दीड-दोन इंच मार्जिन सोडतो. पोट वाढलं की उसवायचं आणि ढिली करून द्यायची. वरून पाहणाऱ्याला पँट तीच. स्वादुपिंडही वर्षानुवर्षं असंच मार्जिन उसवत राहतं आणि रिपोर्ट नॉर्मल येत राहतो. मार्जिन संपतं त्या दिवशी माणूस सांगत सुटतो, "अचानक शुगर निघाली."

अचानक काही झालेलं नसतं. सोनवदचे एक बाबा माझ्याकडे पूर्वीपासून येतात. उमेदीची वर्षं त्यांनी सालदारकीत काढली, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. कंबर अठ्ठावीस, फार तर एकोणतीस. जेवण तीन भाकरी, वर भाजीचा रस्सा आणि ठेचा. त्यांचा मुलगा आज स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो, शेतात मोटारसायकलवर जातो, मोटार मोबाईलवरून चालू करतो. प्रगतीच आहे ती, बापाने घाम गाळला तो यासाठीच. पण ताटात अजून तीनच भाकरी आहेत, किंवा भाकरीच्या जागी पाच पोळ्या. वखर हाकणाऱ्याचं ताट ट्रॅक्टरवाल्यासमोर ठेवलं तर उरलेलं जाणार कुठे? पट्ट्यावर.

जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांचा मला वीट आहे. माझ्या आईने जात्यावर दळलं, आडावरून पाणी ओढलं आणि पन्नाशीतच कमरेतून वाकली. गिरणी आली, नळ आला, गॅस आला, फार बरं झालं. आमच्या बायाबापड्या कापूस आजही हातानेच वेचतात आणि त्यांना कोणी "व्यायाम करा" म्हणायला गेलं तर त्या हसतील. प्रश्न आहे तो आमच्यासारख्यांचा: दुकानदार, मास्तर, कारकून, जिनिंगचे दिवाणजी, घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बाया. माझंच घ्या. पायाने चालवायचं मशीन होतं तोवर निदान पाय हलत होते. त्याला मोटार बसवली आणि आता सकाळी नऊ ते रात्री आठ माझा फक्त उजवा पंजा हलतो.

खाण्याबद्दल बोललं की आमच्या खानदेशात माणसं लगेच हळवी होतात. मीही होतो. शेवभाजी, भरीत-पुरी, लग्नातलं वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, खापरावरचे मांडे. यांतलं काही सोडा म्हणणाऱ्या माणसाचं इथे कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस खाऊन कोणाला शुगर होत नाही. ती होते उरलेल्या साध्यासुध्या दिवसांनी. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, संध्याकाळी फरसाण, रात्री खिचडी, आणि मधे बाजारपेठेत जो भेटेल त्याच्याबरोबर चहाचा कट. एका कटात दीड चमचा साखर धरली आणि दिवसाकाठी सहा कट धरले, तरी पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. आणि हे पिणारे आम्हीच सांगतो, "मी गोड खातच नाही."

अलीकडे भाकरीचं फार कौतुक सुरू झालंय. पोळी सोडा, ज्वारी धरा, शुगर पळाली! भाकरी चांगलीच आहे, आमच्या दादर ज्वारीची भाकरी तर मी रोज खातो. पण मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्या देशभरच्या पाहणीतला आहाराचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्याने या उत्साहावर पाणी ओतलं. सरासरी भारतीयाच्या अन्नातली ६२ टक्के ऊर्जा पिठाळ पदार्थांतून आणि साखरेतून येते. त्यात नुसता तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य घातलं आणि एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. थोडं पीठ कमी करून त्या जागी डाळी, कडधान्य, दूध-दही आणलं, तिथे धोका कमी दिसला. पोरीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला आमची कळण्याची भाकरी आठवली. ज्वारीत उडीद घालून, मीठ घालून दळलेलं कळणं. उडदात ज्वारीच्या दुपटीने प्रथिनं. म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांनी डाळ थेट भाकरीतच दळून टाकली होती. हल्ली ही भाकरी हॉटेलात 'खानदेशी स्पेशल' म्हणून मिळते आणि घरात पाहुणा आला तरच होते. तीन भाकऱ्यांच्या जागी कळण्याची दीड, वाटीभर घट्ट वरण किंवा मठाची उसळ, मुळा-काकडी आणि ताक, हे ताट कोणाही खानदेशी माणसाला परकं वाटू नये. केळीचं विचाराल तर जळगाव जिल्ह्यात राहून केळी सोडायची म्हणजे अतिच झालं. एक केळं खा, जेवणावर जेवण म्हणून डझन नको.

सरकारलाही इथे दोन शब्द ऐकवायला हवेत. रेशनवर महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. गरिबाच्या पोटाला आधार झाला, नाकबूल कसं करू? पण डाळ तिथे नियमाने नाही. २०२२च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' निघाला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि एक किलो हरभरा डाळ. चारपैकी तीन गोष्टी माझ्या टेपेच्या धंद्याला बरकत आणणाऱ्या. डाळीची पिशवी मोठी आणि साखरेची लहान केली असती, तर आनंद काही कमी झाला नसता.

आता मूळ मुद्दा. आपल्याला धोका किती, हे ओळखायला आधी रक्त काढावंच लागतं असं नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली भारतीयांसाठी एक साधा गुणांचा तक्ता केला. चारच गोष्टी: वय, कंबर, अंगमेहनत आणि आई-वडील. पस्तिशीच्या आत शून्य, पुढे पन्नाशीपर्यंत २०, पन्नाशीपासून ३०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ असेल तर १०, शंभर झाली की २०. बायकांसाठी प्रत्येक रेघ दहाने खाली. अंगमेहनत भरपूर असेल तर शून्य आणि बैठं काम, व्यायाम काहीच नाही, तर थेट ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका मोठा. माझी मांडून पाहिली. वयाचे ३०, बैठ्या कामाचे ३०, ब्याण्णव सेंटिमीटरचे १०, वडिलांचे १०. ऐंशी. शाळेत मला कधी ऐंशी पडले नव्हते.

यातलं वय आणि बाप बदलता येत नाही. म्हणजे चाळीस गुण पक्के. उरलेले चाळीस माझ्या हातात आहेत आणि त्यांतले तीस एकट्या हालचालीचे. लोक उलटं करतात. अनुवंशाला दोष देतात, कारल्याचा रस पितात, जांभळाच्या बियांची पूड खातात आणि दुकानापासून घरापर्यंतच्या चार गल्ल्या मोटारसायकलवर जातात.

असाच एक तक्ता सरकारच्या आशाताईंकडेही असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरायचा: वय, तंबाखू, दारू, कंबर, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल आहे का, घरात कोणाला आजार आहे का. चारच्या वर गुण गेले की तपासणीला पाठवायचं. योजना चांगली आहे. पण आमच्या भागातल्या आशाताई एकदा ब्लाउज टाकायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, बाया माप घेऊ देतात हो. पुरुषमाणसं टेप लावूच देत नाहीत. दारातूनच सांगतात, लिहा चौतीस." मी कपाळाला हात लावला. माझ्या दुकानातलं ते खोटं चौतीस सरकारच्या कागदावर जाऊन बसलं होतं! पट्ट्याचा आकडा आणि पोटाचा आकडा यांत पाच-सहा इंचांचा फरक, आणि त्याच फरकात सगळा धोका दडलेला. ज्याला तपासणीला पाठवायचं तोच माणूस 'ठीक' म्हणून घरी बसतो.

म्हणून माझी सूचना आहे आणि ती मी गमतीने करत नाही. पुरुषांची मापं आम्हा शिंप्यांना घेऊ द्या. आमच्यापुढे हात वर करून उभं राहायला कोणी लाजत नाही. पाळधीपासून चांदसरपर्यंत तालुक्यात गावोगाव शिंपी आहेत आणि लग्नसराईत तर अख्खं गाव आमच्याकडून जातं. आरोग्य खात्याने एक साधा कागद द्यावा, बरगडी कुठे आणि खुबा कुठे ते एकदा दाखवावं. मी सध्या माझ्यापुरतं सुरू केलंय. पँटीचं माप घेतल्यावर टेप वर सरकवतो आणि पावतीच्या मागे सेंटिमीटरमध्ये दुसरा आकडा लिहून देतो. काही जण हसतात. एक जण चिडून म्हणाला, "मास्तर, माले काय व्हस? पँट शिवा नं तुम्ही." पावती मात्र त्याने खिशात घातली.

आता त्या 'बॉर्डर'बद्दल. मी रक्त तपासलं तर उपाशीपोटी ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी ६.१. पोरीच्या लॅबच्या कागदावर मधुमेहाची रेघ १२६ आणि ६.५. बाजारपेठेत सांगितलं तर सगळे म्हणाले, "बॉर्डरवर आहे ना, मग काही नाही." काही नाही? २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक होते आणि या बॉर्डरवर उभे १३.६ कोटी. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच काठावरच्या ५३१ लोकांवर प्रयोग केला, तो २००६ साली छापून आला. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्ला देऊन सोडलं, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास चालणं आणि मैदा, साखर, तेल कमी करणं खरंच करून घेतलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढंच. आणि मला सगळ्यात दिलासा वाटला तो याचा, की चालणं आणि पथ्य करणाऱ्यांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं. तरी फायदा झाला. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे लक्ष्य ठेवलं होतं, तिथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे तेवढं साधलं नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. अर्ध्यावर फायदा सोडून देण्याइतके आपण श्रीमंत नाही.

मी काय करतो ते सांगतो, कारण लोक विचारतात. दुपारी जेवलो की लगेच मशीनवर बसत नाही, स्टेशनच्या रस्त्याने चक्कर मारून येतो. जेवणानंतर पाय हलले की रक्तात चढलेली साखर स्नायू उचलतात. आजोबा शतपावली म्हणायचे ती हीच, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. शेजारच्या मुलाकडून खुर्चीतून हात न टेकता उठ-बस शिकलोय, मांड्यांसाठी. चहा दोनच, बिनसाखरेचा. पहिला आठवडा तोंड कडू झालं, मग सवय झाली. तंबाखू मी कधी खाल्ली नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र धोका आणखी वाढतो. आणि घरात पोरी-सुना गरोदर असतील तर त्यांची साखरेची तपासणी चुकवू नका. गरोदरपणी वाढलेली साखर बाळंतपणानंतर उतरते आणि सगळे विसरून जातात, पण त्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. तिची तपासणी दरवर्षी व्हायला हवी.

नगरपालिकेकडेही एक मागणी आहे. बालकवींच्या या जन्मगावात, धरणगावात, म्हाताऱ्या माणसाला आणि बायकांना अंधार पडल्यावर निर्धास्त चालता येईल, असा दिवे असलेला, खड्डे आणि कुत्री नसलेला एक तरी रस्ता द्या. व्यायामाची यंत्रं नंतर आणा.

तीस ओलांडलेल्यांनी उपकेंद्रात जाऊन बोटातलं रक्त द्यावं, तिथे पैसे लागत नाहीत. पावतीमागचा आकडा नव्वदच्या वर असेल तर त्यावर न थांबता उपाशीपोटीची तपासणीही करून घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर आठ तास काही नाही, पाणी चालेल. येताना टपरीवर कट घेतला असेल तर सरळ घरी जावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यावं.